सॉफ्टवेअर वाढतच का जाते, आणि जुने मोडून नवे लिहावे का?

भाट्येकिनारा (रत्नागिरी)

नमस्कार. आमच्या भागातील आंबा बागायतदारांच्या एका सहकारी संस्थेचे हिशेबाचे सॉफ्टवेअर मी सांभाळतो. ते प्रथम फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस-भाषेत लिहिले गेले तेव्हा त्याच्याकडे एकच काम होते. वाशीहून दलालाची पट्टी आली की पेट्या किती, भाव काय लागला, अडत, हमाली आणि गाडीभाडे वजा जाता बागायतदाराच्या हाती किती पडले, एवढे छापून द्यायचे. आज त्याच प्रोग्राममध्ये उचल, खते-औषधांची उधारी, कॅनिंगला किलोवर दिलेल्या आंब्याचा वेगळा हिशेब, क्रेटची ये-जा, जीएसटी, मोबाइलवरचे संदेश आणि यूपीआयने जमा झालेल्या रकमा असे सर्व काही आहे. यांतील एकही गोष्ट हौसेखातर आलेली नाही. प्रत्येकीमागे कोणा सभासदाची खरी अडचण किंवा सरकारचा एखादा नियम होता.

तरीही आता अशी स्थिती आहे की उधारीच्या व्याजात बदल केला, तर कॅनिंगच्या पावतीवर काहीतरी बिघडते. संचालक मंडळातील काहींचे म्हणणे आहे की सर्व मोडून एकदाच नवे लिहून घ्यावे. माझे मत वेगळे आहे. या कोडमध्ये संस्थेचे सारे अनुभव साठलेले आहेत आणि ते एका फटक्यात टाकून देणे मला पटत नाही. आपण सर्वांनी आपापल्या अनुभवावरून सांगावे. ही वाढ अटळ असते का? आणि अशा टप्प्यावर पुनर्लेखन करावे की दुरुस्ती?

खाडीपलीकडे (दाभोळ)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच जुने आहे. मॅनी लेहमन यांनी १९६९ साली आयबीएम या संगणक कंपनीत असताना तेथील प्रोग्रामिंगच्या कामाचा अभ्यास केला आणि पुढे लास्लो बेलाडी यांच्यासोबत तिच्या ओएस/३६० या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या एकामागून एक आलेल्या आवृत्त्यांचा आकार तपासला. त्यातून १९७०च्या दशकात त्यांनी जे नियम मांडले, त्यांपैकी दोन या धाग्याला थेट लागू होतात. प्रत्यक्ष व्यवहारात वापरले जाणारे सॉफ्टवेअर सतत बदलत राहिले नाही, तर त्याची उपयुक्तता घटत जाते, हा पहिला. आणि असे बदलत राहिलेले सॉफ्टवेअर अधिकाधिक गुंतागुंतीचे होत जाते, ती गुंतागुंत कमी करण्यासाठी मुद्दाम काम केले नाही तर, हा दुसरा.

या दुसऱ्या नियमातील अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गुंतागुंत आपोआप वाढते. कमी मात्र कोणीतरी ठरवून केल्याशिवाय होत नाही, आणि त्या कामाचे पैसे कोणत्याही संस्थेच्या अंदाजपत्रकात धरलेले नसतात.

आकाराचेच पाहायचे तर लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीचे उदाहरण घ्या. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी ते प्रसिद्ध केले तेव्हा सुमारे दहा हजार ओळींचे होते. मार्च १९९४ मधील १.० आवृत्तीत पावणेदोन लाखांहून अधिक ओळी होत्या, आणि २०२०पर्यंत ती संख्या अडीच कोटींच्या पुढे गेली. त्यातील निम्म्याहून अधिक भाग निरनिराळ्या यंत्रांच्या ड्रायव्हरचा, म्हणजे ती यंत्रे जोडून घेणाऱ्या कोडचा आहे. म्हणजे गाभा त्या प्रमाणात फुगला नाही. बाहेरच्या जगात जेवढी यंत्रे आली, तेवढ्या वाटा त्याला जोडाव्या लागल्या. तुमचे जीएसटी आणि यूपीआय तसेच बाहेरून आलेले आहेत.

केतकी_गुहागर

खाडीपलीकडे यांच्याशी पूर्ण सहमत. आपल्या व्यवसायात बाहेरचे जग किती वेगाने बदलले, याची उजळणी येथे करून ठेवते. २०१६ साली राज्यात फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, तेव्हा अडतीचा हिशेब पुन्हा तपासावा लागला. त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले आणि नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी आली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. ताजा आंबा करमुक्त, पण त्याच आंब्याचा पल्प करपात्र, त्यामुळे एकाच फळाच्या दोन वाटा झाल्या. मूळ लेखकाने कितीही दूरदृष्टीने लिहिले असते, तरी हे त्याला सुचणे शक्य नव्हते.

नवी_वाट (पुणे, मूळ सावंतवाडी)

वाढीबद्दल वाद नाही, पण मी संचालक मंडळाच्या बाजूने लिहीत आहे. फॉक्सप्रोची पुढील आवृत्ती निघणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने २००७ सालीच जाहीर केले होते आणि शेवटच्या आवृत्तीचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला. त्यातील एका तक्त्याची मर्यादा दोन जीबी आहे. फॉक्सप्रो येणारी नवी मुले शिकलेली नाहीत, शिकणारही नाहीत. अशा पायावर आणखी काम करत राहणे म्हणजे अडचण पुढच्या माणसाकडे ढकलणे होय. जुन्या कोडमध्ये अनुभव साठलेला असतो, हे मान्य. पण तो वाचता येत नसेल तर त्याचा उपयोग कोणाला? मी स्वतः दोन संस्थांची कामे पूर्णपणे नव्याने लिहिलेली आहेत आणि त्या दोन्ही आज समाधानी आहेत.

सह्यकडा (चिपळूण)

@नवी_वाट, आपला मुद्दा रास्त आहे, परंतु भाषा बदलणे आणि सर्व एकदम टाकून देणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, असे मला वाटते. नेटस्केपचा इतिहास या क्षेत्रातील प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे. १९९७ साली त्यांचा चौथ्या आवृत्तीचा ब्राउझर आला. मार्च १९९८ मध्ये त्यांनी कोड सर्वांसाठी खुला केला आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात जुना गाभा सोडून नव्यावर बांधायचे ठरवले. पाचवी आवृत्ती कधी आलीच नाही. सहावी आली ती नोव्हेंबर २००० मध्ये. मधल्या काळात इंटरनेट एक्स्प्लोररने बाजार व्यापला. त्याच कामातून पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० उभा राहिला, म्हणजे नवे लिहिलेले वाईट नव्हते. वाईट होती ती मधली वर्षे, ज्यांत वापरणाऱ्यांच्या हाती काहीच नवे पडत नव्हते. मोठ्या कंपनीची ही गत झाली. आंबा संस्थेला मार्च ते मे या काळात एक आठवडाही थांबता येत नाही.

नवी_वाट (पुणे, मूळ सावंतवाडी)

नेटस्केपचे उदाहरण नेहमी दिले जाते, म्हणून त्याच्या उलट बाजूचेही नोंदवतो. एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या चमूला बिटकीपर ही कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली विनामूल्य वापरणे बंद झाले. टोरवाल्ड्स यांनी जुन्या साधनांची डागडुजी न करता त्याच कामासाठी गिट अगदी कोऱ्या पानावर लिहायला घेतले. जूनमध्ये लिनक्सची आवृत्ती गिटवर निघाली, आणि जुलैमध्ये त्यांनी ते काम जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवले. कोरे पान कधी कधी योग्यच असते.

सह्यकडा (चिपळूण)

त्यात एक फरक आहे. गिट लिहिताना जुना डेटा आणि जुन्या सवयी सांभाळण्याचे बंधन फारच थोडे होते, आणि काय हवे आहे हे लिहिणाऱ्याला स्वतःला नेमके ठाऊक होते, कारण पहिला वापरकर्ता तोच होता. संस्थेच्या बाबतीत ती माहिती वीस-पंचवीस माणसांत विखुरलेली असते, आणि त्यांतील काही आता हयातही नसतात.

मालवणी_लाट

सह्यकडा यांच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडून एक उदाहरण. मासेमारी सोसायटीच्या डिझेल-हिशेबाच्या प्रोग्राममध्ये मला एक तक्ता सापडला, ज्यात अनेक वर्षांच्या फक्त एकेका दिवसाच्या तारखा होत्या. त्याचा खुलासा कोठेही लिहिलेला नव्हता. एका जुन्या तांडेलांशी बोलल्यावर उलगडा झाला की त्या नारळी पौर्णिमेच्या तारखा होत्या. पूर्वी पावसाळी बंदीचा शेवट त्या सणाशी जोडलेला असे, आणि त्याआधी डिझेलची उचल दाखवली तर प्रोग्राम ती नोंद अडवत असे. पुढे बंदीचा काळ इंग्रजी तारखांनी ठरू लागला, पण तो तक्ता तसाच राहिला, आणि गंमत म्हणजे कोणीतरी त्यात दरवर्षी इमाने एक तारीख वाढवत होते.

हा तक्ता काढावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात सोसायटीची एक जुनी व्याजसवलतही त्याच तारखेपासून मोजली जात होती. पुनर्लेखन करणाऱ्याने तो तक्ता निरुपयोगी म्हणून सोडून दिला असता, तर सवलत गेली असती आणि पहिली ओरड दर्यावर्दींकडून आली असती.

आगर_आणि_आमराई (दापोली)

मी संगणकाच्या क्षेत्रातील नाही. बागायतदार आहे, आणि धागा वाचताना राहवले नाही म्हणून लिहितो. आमच्याकडील जुन्या हापूसच्या बागांचे हेच होते. झाडे उंच वाढतात, फांद्या एकमेकींत शिरतात, आत ऊन पोहोचत नाही, फळ फक्त बाहेरच्या घेरावर धरते आणि फवारणी करायची तर पंप पुरत नाही. अशा बागांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पुनरुज्जीवनाची पद्धत सांगितलेली आहे. झाड तोडायचे नाही. फांद्या ठरावीक उंचीवर छाटायच्या, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची, खोडकिड्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे आणि नव्या फुटव्यांची विरळणी करायची. मात्र छाटलेल्या झाडाला पुढील दोन-तीन हंगाम उत्पन्न नसते. म्हणून शहाणा माणूस सगळी बाग एकाच वर्षी छाटत नाही, भागाभागाने छाटतो. भाट्येकिनारा यांनी आपल्या मंडळातील बागायतदारांना हे असे सांगून पाहावे. त्यांना ते लगेच उमजेल.

खाडीपलीकडे (दाभोळ)

काका, फार नेमके सांगितलेत. एक फरक तेवढा लक्षात ठेवायला हवा. फांदी छाटल्यावर कोणती पाने जाणार, हे खालून दिसते. सॉफ्टवेअरमधील एखादा भाग काढला तर काय कोसळेल, हे मालवणी_लाट यांच्या तक्त्यासारखे आधी दिसत नाही. गूगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राइट यांच्या नावाने ओळखले जाणारे एक निरीक्षण आहे: वापरणारे पुरेसे असले की प्रणालीच्या प्रत्येक दृश्य वर्तनावर कोणी ना कोणी विसंबून असते, मग ते वर्तन लेखकाने कबूल केलेले असो वा नसो. म्हणून काढण्याआधी मोजावे. प्रत्येक अहवाल आणि प्रत्येक पडदा (स्क्रीन) कोण, कधी उघडतो, याची नोंद ठेवावी, आणि ती पूर्ण एक वर्ष ठेवावी; कारण काही अहवाल केवळ मार्चअखेरीला, काही लेखापरीक्षणाच्या वेळी आणि काही वार्षिक सभेपुरतेच लागतात. तीन महिन्यांच्या नोंदीवरून निर्णय घेतला, तर नेमके तेच बळी पडतात.

शब्दांकुर (राजापूर)

चर्चा उत्तम चालली आहे, पण सॉफ्टवेअर वाढलेच पाहिजे, हे गृहीत मला मान्य नाही. डोनाल्ड नूथ यांचे टेक हे अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर पाहा. त्याच्या आवृत्तीचा क्रमांक पाय या गणितातील संख्येच्या किमतीकडे सरकत जातो, २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला, आणि त्यात चुका दुरुस्त करण्यापलीकडे काही घालायचे नाही, असे त्यांनी ठरवून टाकलेले आहे. पूर्ण झालेले सॉफ्टवेअर असू शकते. आपण ते पूर्ण करण्याचे धैर्य दाखवत नाही, एवढेच.

केतकी_गुहागर

टेकचे उदाहरण मला फार आवडते, तरी त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे असे वाटते. तिसरी आवृत्ती १९९० साली आली, तिचे एक मोठे कारण युरोपीय भाषांतील अक्षरांसाठी आठ बिटांची सोय करणे हे होते. म्हणजे बाहेरच्या जगाने तेथेही दार ठोठावले. त्यानंतर नूथ यांनी गाभा गोठवला, परंतु वाढ थांबली नाही. ती बाजूला झाली. २००४ साली जोनाथन क्यू यांचे टेकवर आधारित झीटेक आले आणि युनिकोडमधील (सर्व लिप्यांसाठीच्या समान अक्षरसंकेतातील) देवनागरी थेट लिहून उत्तम अक्षरजुळणी करणे सोपे झाले. मी स्वतः मराठी मजकुरासाठी तेच वापरते. गाभा लहान आणि स्थिर ठेवून बदलाला बाहेर जागा करून देणे, हे त्यातील खरे शिकण्यासारखे आहे. आंबा संस्थेत पट्टीचे मूळ गणित हा असा गाभा होऊ शकेल. पेट्या गुणिले भाव, वजा खर्च. हे गेल्या अनेक दशकांत बदललेले नाही.

शब्दांकुर (राजापूर)

केतकीताई, हे पटले. माझा आग्रह गाभ्यापुरता होता, असे समजावे.

पेठमाप_रहिवासी (चिपळूण)

एक निराळी बाजू. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या पतसंस्थेचा तळमजला पूर्ण पाण्याखाली गेला. संगणक गेलेच, आणि शेजारच्या कपाटात ठेवलेल्या बॅकअपच्या हार्ड डिस्कही गेल्या. हिशेब पुन्हा उभा केला तो सभासदांच्या पासबुकांवरून. त्यानंतर रोजची प्रत गावाबाहेर पाठवणे, वीज आणि नेटवर्क नसताना नोंदी स्थानिक ठेवून नंतर जुळवणे, असे कितीतरी काम त्या सॉफ्टवेअरमध्ये वाढले. कोड वाढला, पण आज तो आम्हाला ओझे वाटत नाही. म्हणून केवळ आकारावरून सॉफ्टवेअरला दोष देऊ नये.

आगर_आणि_आमराई (दापोली)

निसर्ग वादळानंतर आमच्या नुकसानीच्या याद्यांचेही असेच झाले होते, म्हणून हे लगेच समजले.

लाल_माती (कणकवली)

आतापर्यंत सर्वजण कोडबद्दल बोलले. मला माणसांबद्दल बोलायचे आहे. ज्या प्रकल्पावर सर्वांचा भार असतो, तो सांभाळणारी माणसे किती थोडी असतात, हे फार उशिरा कळते. इंटरनेटवरील देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड नावाची त्रुटी एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. ती मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून तेथे होती. जगातील सर्व्हरांचा मोठा हिस्सा ज्यावर विसंबून होता, ते काम मूठभर लोक अपुऱ्या पैशांत करत होते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा साधनात कोणीतरी चोरवाट घातल्याचे निघाले. ते काम वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने ओढून थकलेल्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवून, सुमारे दोन वर्षांच्या काळात एका अनोळखी मदतनिसाने ते साधले होते. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड यांनी मुळाशी जाऊन ते पकडले.

आपल्याकडे धोका वेगळ्या वेषात येतो. प्रोग्राम लिहिणारा मुलगा पुण्या-मुंबईला नोकरीला जातो, गणपतीला गावी आला की दोन दिवस बसून दुरुस्त्या करतो आणि निघून जातो. त्याचे यात काही चुकत नाही. पण त्याच्यासोबत बसून ते काम समजून घेणारा दुसरा माणूस संस्थेने कधी नेमलेला नसतो. भाट्येकिनारा, आपल्याशिवाय हा कोड कोणाला वाचता येतो? नवे लिहावे की जुने सुधारावे, याआधी मी हा प्रश्न ठेवीन.

नवी_वाट (पुणे, मूळ सावंतवाडी)

लाल_माती यांच्या प्रतिसादाशी पूर्णपणे सहमत. मी वर ज्या दोन यशस्वी पुनर्लेखनांचा उल्लेख केला, त्या दोन्ही ठिकाणी जुने लेखनिक शेवटपर्यंत माझ्याशेजारी बसत होते. ते नसते तर निकाल निराळा लागला असता, हे मान्य करायला हवे.

मुचकुंदी (लांजा)

जुन्या डेटाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. फॉक्सप्रोच्या काळातील मराठी नावे बहुधा युनिकोडमध्ये नसतात. त्या काळच्या एखाद्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत असतात. ती बदलताना सर्वाधिक घोळ रफार आणि पहिल्या वेलांटीचा होतो, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. वऱ्हाडकर, कऱ्हाडकर अशा आडनावांतील ऱ्ह हमखास बिघडतो. ॲ हे स्वतंत्र अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले. त्याआधीच्या नोंदींत ते निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले आढळते, त्यामुळे एकच माणूस यादीत दोन माणसे म्हणून उभा राहतो.

हे काम पुनर्लेखनापासून वेगळे काढावे आणि सर्वांत आधी करावे, असा माझा आग्रह आहे. नावे यंत्राने बदलल्यावर प्रत्येक वाडीची यादी छापून त्या वाडीतील जाणत्या सभासदाकडून वाचून घ्यावी. आम्ही तसे केले तेव्हा चुका तर सापडल्याच, शिवाय मयत सभासदांची वारसनोंदही मार्गी लागली.

भाट्येकिनारा (रत्नागिरी)

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा छापून मी संचालक मंडळासमोर ठेवला, आणि काकांनी सांगितलेल्या छाटणीवर सर्वाधिक चर्चा झाली. काही गोष्टी ठरल्या आहेत. एकदम पुनर्लेखन करायचे नाही. या पावसाळ्यात मुचकुंदी यांनी सांगितल्याप्रमाणे नावांचे रूपांतर आणि वाडीनिहाय वाचन होईल. त्याच वेळी संस्थेतील एका लेखनिक ताईंना माझ्यासोबत बसवून प्रत्येक नियमाची नोंद लिहिण्याचे काम सुरू होईल, आणि त्यासाठी त्यांना वेगळे मानधन देण्याचे मंडळाने मान्य केले आहे. लाल_माती, आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘कोणालाही नाही’ असे होते; ते बदलायला सुरुवात झाली.

त्यानंतर एकेक भाग नव्या पायावर हलवायचा आहे. माझ्या मनात पट्टीचा गाभा प्रथम घ्यावा असे होते. तो योग्य क्रम आहे का?

सह्यकडा (चिपळूण)

पट्टी प्रथम घेऊ नये, असे मी आग्रहाने सुचवीन. क्रेटची ये-जा आधी घ्यावी. तिचा पैशांशी थेट संबंध कमी आहे, चूक झाली तर क्रेट मोजून ती दुरुस्त करता येते, आणि जुन्या व नव्या भागांनी एकमेकांशी बोलायचे कसे, हे त्या निमित्ताने निश्चित होते. उधारी त्यानंतर. पट्टी शेवटी, आणि तीही एक पूर्ण हंगाम जुन्या-नव्या दोन्हींवर समांतर चालवून.

नवी_वाट (पुणे, मूळ सावंतवाडी)

क्रमाबाबत सहमत. समांतर चालवताना पैशापैशाचा फरक निघेल, त्याकडे दुर्लक्ष करू नये. नव्या प्रणालीत रकमांसाठी दशांश प्रकारच वापरावा. संगणकाच्या शून्य-एकच्या द्विमान पद्धतीत ०.१ सारखी साधी संख्याही नेमकी मांडता येत नाही आणि बेरजांत ते साचत जाते. जुना प्रोग्राम प्रत्येक ओळीवर पूर्णांकन (रक्कम गोल) करत होता की शेवटच्या बेरजेवर, हे आधी शोधून ताईंच्या नोंदवहीत लिहून ठेवावे. बागायतदार पट्टी पेनाने तपासतो. त्याच्या हिशेबात जी पद्धत बसते, तीच नव्यातही ठेवावी लागेल.

भाट्येकिनारा (रत्नागिरी)

पूर्णांकन ओळीवर होते, एवढे आत्ताच तपासले. कॅनिंगच्या पावतीवर मात्र बेरजेवर होते. मूळ तक्रारीतील बिघाड यातूनच येत असावा. उद्या ताईंसोबत बसून गेल्या हंगामाच्या पावत्यांवर पडताळून पाहतो आणि जे निघेल ते येथेच लिहितो.